बॅकअप क्लायंटची केंद्रीय त्रुटीनोंद

निरनिराळ्या ठिकाणच्या संगणकांवर बॅकअप घेणाऱ्या क्लायंटच्या (म्हणजे त्या संगणकावरच्या बॅकअप प्रोग्रॅमच्या) अडचणी एकाच सर्व्हरवर गोळा करून त्यांचा निकाल लावण्याची व्यवस्था. कोकणात तिची गरज विशेष भासते. पतसंस्थेचे मुख्य कार्यालय रत्नागिरीत, शाखा दापोली, गुहागर, राजापूर, देवगडला आणि संगणकाचा जाणकार बहुधा एकच. प्रत्येक शाखेत जाऊन लॉग (प्रोग्रॅमने केलेल्या नोंदींची फाइल) उघडणे त्याला जमत नाही.

सर्वांत धोक्याची त्रुटी कधी नोंदलीच जात नाही. लाइट गेली, सेवा बंद पडली किंवा लायसन्स संपले, तर क्लायंट काहीच पाठवत नाही आणि स्क्रीनवर सारे आलबेल दिसते. म्हणून सर्व्हरकडे अपेक्षित क्लायंटची यादी हवी, आणि प्रत्येक क्लायंटने कामाची सुरुवात व शेवट दोन्ही कळवायला हवे. रोजच्या बॅकअपला शेवटच्या यशापासून २६ तास उलटले की सूचना जावी. वरचे दोन तास उशिरा सुरू झालेल्या कामासाठी. ‘मशीन गप्प आहे’ आणि ‘बॅकअप फसला’ या सूचना वेगळ्या ठेवाव्यात, कारण पहिलीसाठी शाखेत फोन करावा लागतो, दुसरीसाठी जाणकार लागतो. यशाच्या नोंदीतही फाइलींची संख्या आणि बाइट असावेत. बाहेरची डिस्क न जोडता रिकामे फोल्डर ‘यशस्वी’ झाल्याचे मागच्या वेळच्या आकड्याशी ताडल्यावरच कळते.

नोंदीत क्लायंटचा कायम क्रमांक, कामाचे नाव, त्या फेरीचा क्रमांक, टप्पा, फाइलचा मार्ग, मूळ एरर कोड आणि क्लायंटची आवृत्ती असावी. मशीनच्या नावावर विसंबू नये. एकाच डिस्कच्या नकलेवरून उभी केलेली मशीन सारखीच नावे घेऊन येतात. संदेशाची भाषा बदलते, कोड बदलत नाही. विंडोजवर ५ म्हणजे परवानगी नाही, ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या वापरात, ११२ म्हणजे डिस्क भरली. उघड्या राहिलेल्या खतावणीच्या एक्सेल फाइलवर एका रात्री ३२ आला तर नुसती नोंद पुरे. तीच फाइल सलग तीन रात्री हुकली की सूचना हवी. ११२ मात्र लगेच. एका न उघडणाऱ्या फोल्डरमागे हजारो ओळी येऊ शकतात; एकाच कोडच्या पहिल्या पाच ओळी आणि एकूण संख्या एवढेच पाठवावे, नाहीतर खरी सूचना त्या गर्दीत बुडते.

फाइलींची देवनागरी नावे वेगळाच त्रास देतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे ‘खतावणी’ला १८. सिसलॉग ही नोंदी नेटवर्कवरून पाठवण्याची ठरलेली रीत; तिच्या जुन्या पद्धतीत संदेशाची मर्यादा १०२४ बाइटची. मार्ग लांब असला की शेपूट कापले जाते आणि नेमके फाइलचे नाव हरवते. मार्ग मधून छाटावा, शेवट राखावा.

पावसाळ्यात वीज आणि मोबाइल टॉवर एकत्रच जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. न गेलेल्या नोंदी मेमरीत ठेवल्या तर वीज जाताच पुसल्या जातात. त्यांची रांग डिस्कवर हवी. ५०० बाइटची एक नोंद, दिवसाला २०० नोंदी, असे धरले तर ३० दिवसांना सुमारे ३ एमबी लागतात. ५० एमबी राखून ठेवणे कोणत्याही मशीनला झेपते. रांग भरलीच तर माहितीपर ओळी आधी टाकाव्यात, कामाचा निकाल कधीच नाही. नेट परतल्यावर सगळ्या शाखा एकदम तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येक क्लायंटने यादृच्छिक काही मिनिटे थांबावे. घटनेची वेळ आणि पोहोचण्याची वेळ वेगवेगळी नोंदवावी, नाहीतर आठवडाभर जुन्या त्रुटी आजच्या वाटतात आणि फोन सुरू होतात.

सिसलॉगच्या यूडीपी ५१४ या पोच न घेणाऱ्या मार्गावरून (५१४ हा पोर्ट क्रमांक) पाठवलेली नोंद वाटेत हरवली तरी कोणाला कळत नाही. त्याऐवजी टीएलएस म्हणजे कूटबद्ध (मजकूर इतरांना वाचता न येणारी) जोडणी, पोर्ट ६५१४ वर, वापरावी. ग्राहकांची नावे फाइलच्या नावांतच असतात, त्यामुळे कूटबद्धता आवश्यकच. मात्र टीएलएसवरही सर्व्हरने नोंद साठवल्याची पोच सिसलॉग देत नाही. म्हणून जोडणी तुटल्यावर क्लायंट शेवटच्या काही नोंदी पुन्हा पाठवतो आणि सर्व्हर नोंदीच्या अनन्य क्रमांकावरून दुबार आलेल्या गाळतो. पासवर्ड आणि कूटबद्धतेच्या किल्ल्या लॉगमध्ये कधीही उमटू नयेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना व संस्थांना यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात जपावे लागतात आणि घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून अचूक वेळ घेण्याच्या पद्धतीने) जुळवावी लागतात.