पंचनीती (स्थानिक क्रीडास्पर्धा, सोलापूर)

पंचनीती म्हणजे सामन्यात निवाडा करणाऱ्यांनी, म्हणजे पंच, सरपंच (मुख्य पंच), गुणलेखक आणि वेळाधिकारी यांनी, पाळायचा आचार. मोठ्या स्पर्धांना पंच परगावचा असतो. गल्लीच्या किंवा तालमीच्या स्पर्धेत तो ओळखीचाच निघतो : कुणाचा मामा, कुणाचा जुना वस्ताद, कुणाच्या घरासमोर राहणारा. त्यामुळे स्थानिक खेळात पंचाची परीक्षा पैशापेक्षा नात्यापाशीच जास्त होते.

भाचा खेळत असेल तर नाणेफेकीआधीच ‘ही मॅच मी करत नाही’ म्हणून बाजूला व्हावे. दुसरा पंच मिळतच नसेल, तर दोन्ही कर्णधारांना नाते सांगून त्यांची संमती घ्यावी. अशा पंचाला गुणलेखक म्हणून बसवण्याची पळवाट वाईट. कबड्डीत लोणाचे, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे, २ गुण लिहायचे राहिले की सामना तिथेच फिरतो.

सोलापुरात भाषेचाही प्रश्न येतो. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू शेजारी-शेजारी नांदतात. तेलुगूभाषक वस्तीच्या पूर्वभागातल्या संघाच्या कर्णधाराला पंच तेलुगूत काही समजावू लागला, तर समोरच्या संघाला आत काहीतरी शिजतंय असे वाटते. प्रत्यक्षात तो फक्त रेषा दाखवत असतो. म्हणून निर्णय हाताच्या खुणेने, मोठ्या आवाजात आणि दोघांना कळेल अशा भाषेत द्यावा. कानाशी जाऊन बोलूच नये.

चांगला पंच शिट्टी वाजण्याआधीच ओळखू येतो. कबड्डीत तो चौदाही खेळाडूंना रांगेत उभे करून हात पुढे घ्यायला लावतो, नखे पाहतो, अंगाला तेल लावले आहे का ते तपासतो, कडे-अंगठी उतरवायला सांगतो. या दोन-तीन मिनिटांत संघाच्या हुकमी चढाईपटूची नखेही त्याने तितक्याच बारकाईने पाहिली, तर पुढचे निम्मे वाद उगवतच नाहीत. कार्डांचेही तसेच. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे २ मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. यजमान मंडळाच्या लाडक्या खेळाडूसमोर पंचाचा हात खिशातच राहिला, तर मैदानावरच्या प्रत्येकाला ते दिसते.

नियमांचा अर्थही आधीच पक्का व्हायला हवा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांच्या कबड्डीचा भारत-इराण अंतिम सामना लॉबीच्या, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या कडेच्या पट्ट्यांच्या, नियमावरून सुमारे तासभर थांबला, निर्णय वारंवार बदलला. अखेर भारताने तो ३३-२९ असा जिंकला. आशियाई पातळीवर हे घडते, तर चुन्याच्या रेषा पायांनी पुसल्या जाणाऱ्या मैदानावर लॉबी कधी धरायची हे सामन्यापूर्वी दोन्ही संघांना सांगितलेच पाहिजे. चूक झाली आणि सहपंचाने ती दाखवली, तर पुढची चढाई सुरू होण्याआधी ती मान्य करावी. अशाने पंचाचा मान कमी होत नाही.

जिल्ह्यातल्या जत्रांच्या कुस्तीच्या फडात पंचाची जबाबदारी जोड लावतानाच सुरू होते. वजनात आणि तयारीत विजोड पोरे लढवणे हा अन्यायच. मल्ल नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी लढत, करत आहेत असे दिसले, तर समज द्यावी आणि तरीही न लढल्यास जोड फोडावी. हलगी आणि गर्दीचा आरडाओरडा ऐकून घाईने ‘चितपट’ देऊ नये. दोन्ही खांदे टेकलेले स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत नेमक्या अशाच निर्णयावरून वाद पेटला. शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड गुणावरून चिडून आखाडा सोडून गेला. दोघांवर ३ वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. पंचावर हात-पाय उचलणे कधीच क्षम्य नाही. म्हणूनच पंचाने आपला निर्णय तिथल्या तिथे समजावून सांगण्याची तयारी ठेवायला हवी.

खेळाडूची काळजी हाही पंचनीतीचाच भाग. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. शालेय मुलांच्या खो-खोत ठरलेला विश्राम यायचा असला, तरी धावक चक्कर आल्यासारखा खांबाला धरून उभा राहिला, की पंचाने घड्याळ थांबवून पाणी द्यावे.

मानधन किती, हे स्पर्धेआधी ठरवून आयोजकांकडूनच घ्यावे. जिंकलेल्या मंडळाने खुशीने दिलेले पाकीट नाकारावे आणि त्या रात्रीच्या त्यांच्या पंगतीलाही बसू नये. गुणपत्रकावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्या, की पंचाने सरळ घरी जावे.