अप्रेझलमधला बेल कर्व्ह आला कुठून?

"तुझं काम चांगलं आहे, पण कर्व्हमध्ये बसवावं लागलं." अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाला रेटिंग मिळण्याच्या, दिवसांत पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत कित्येक डेव्हलपर हे वाक्य मुकाट्याने ऐकून घेतात. वर्षभर राबलेल्या माणसाला ते फार लागतं, कारण कामात कुठे कमी पडलो हे त्यातून कळतच नाही.

बेल कर्व्ह म्हणजे घंटेच्या आकाराचा आलेख: थोडे वर, थोडे तळाला, बाकीचे मध्ये. रेटिंगही ठरलेल्या टक्केवारीत तसंच वाटायचं, ही ती पद्धत. तिचा उगम सॉफ्टवेअरमध्ये नाही. १९८१ साली जॅक वेल्च अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे (जीई) प्रमुख झाले. बल्ब, टर्बाइन, विमानांची इंजिनं बनवणाऱ्या या कंपनीत त्यांनी कर्मचाऱ्यांची विभागणी रूढ केली: वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०. तळाच्यांनी सुधारायचं, नाहीतर निघायचं. कंपनीचा शेअर वधारत गेला आणि ही पद्धत इतरांनीही उचलली.

त्याच १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली. पुढे जीई भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी गिऱ्हाईक बनली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला इन्फोसिसचं सुमारे पाव उत्पन्न तिच्याकडून येत होतं, आणि दरावरून न जुळल्यामुळे इन्फोसिसने ते काम सोडलं. कर्व्ह थेट याच वाटेने आला असा दावा मी करणार नाही. पण इथला धंदाच माणशी तासांच्या बिलिंगवर उभा होता, फ्रेशर्सची भरती हजारोंनी होत होती, आणि पगारवाढीची रक्कम वरून ठरून येत होती. ती वाटायला कर्व्ह सोयीचा पडला. माझ्या मते खरं कारण हेच आहे. गुणवत्तेचं नाव त्याला मागाहून चिकटलं.

मुळात बेल कर्व्ह दिसतो तो हजारो मोजमापं एकत्र मांडल्यावर. आठ-दहा जणांच्या टीमवर तो लादला की सगळ्यांनी उत्तम काम केलं तरी एकाला खाली ढकलावंच लागतं. त्यात सॉफ्टवेअर हे एकमेकांवर विसंबून होणारं काम. दुसऱ्याचा कोड बारकाईने तपासणं, नवख्याला शिकवणं, रात्री बंद पडलेली चालू सिस्टीम सावरणं, हे रेटिंगच्या फॉर्ममध्ये क्वचितच उतरतं. उलट शेजारच्याला मदत केली तर तोच आपल्या वर जाण्याची भीती! मायक्रोसॉफ्टमध्ये नेमकं हेच घडत असल्याचं २०१२ साली 'व्हॅनिटी फेअर' मासिकातल्या लेखात माजी कर्मचाऱ्यांनी सांगितलं होतं: हुशार इंजिनिअर दुसऱ्या हुशार इंजिनिअरच्या टीममध्ये जायचं टाळत. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली. २०१५ मध्ये आयटी सेवा देणाऱ्या अ‍ॅक्सेंचरने वार्षिक क्रमवारी सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास इन्फोसिसनेही सक्तीचा कर्व्ह काढला.

टक्केवारी मात्र गेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये मेटा या फेसबुकच्या मालक कंपनीने कामगिरीत मागे असलेले सुमारे ५ टक्के कर्मचारी कमी करणार असल्याचं सांगितलं. जिथे कर्व्ह कागदावर उरलेला नाही, तिथेही पगारवाढीचं बजेट टीमला आधीच आखून दिलेलं असेल, तर एकाला जास्त द्यायला मॅनेजरला दुसऱ्याचं रेटिंग उतरवावं लागतं.