फळबाग अनुदानाचा अर्ज : बियांची रोपे, सामाईक सातबारा आणि 90 टक्क्यांची अट

दुष्काळात बाग वाळून गेली की घरचे चिंचोके, सीताफळाच्या बिया पिशवीत टोचून रोपे तयार करण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो. त्यात गैर काहीच नाही, कारण बियांचे झाड सोटमूळ खोल नेते आणि पाण्याचा ताण सोसते. मात्र 2018 साली सुरू झालेल्या राज्य शासनाच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत ही रोपे चालत नाहीत. नारळाची रोपे मान्य आहेत; चिंच, सीताफळ, जांभूळ, आवळा यांची मात्र कलमेच धरली जातात. तपासणीला आलेला कर्मचारी खोडावरचा कलमाचा जोड पाहतो आणि शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेची पावती मागतो. म्हणून बियांची रोपे बांधावर जरूर लावावीत, पण अनुदानाच्या खड्ड्यांत त्यांची गणना करू नये.

कोकणात 0.10 ते 10 हेक्टर आणि उर्वरित महाराष्ट्रात 0.20 ते 6 हेक्टर क्षेत्रासाठी, स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या शेतकऱ्याला लाभ मिळतो. संस्थांना मिळत नाही. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. सातबारा, आठ-अ (खात्यावरील एकूण जमिनीचा उतारा), आधारशी जोडलेले बँक खाते आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांसाठी जातीचा दाखला लागतो. शेतकरी ओळख क्रमांकही आता लागतो, तेव्हा आपल्या जमिनीचे सगळे गट त्यात आले आहेत का, हे आधीच पाहावे.

सर्वाधिक अर्ज अडतात ते सामाईक सातबाऱ्यावर. वडील जाऊन कित्येक वर्षे झाली, तरी वारस नोंद झालेली नसते. झाली असेल, तर लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणी आणि शहरात राहणारे भाऊ अशा सर्व खातेदारांचे संमतीपत्र लागते. सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल, तर कुळाचीही संमती हवी. प्रत्यक्षात जमीन एकच भाऊ कसतो हे सगळ्या गावाला ठाऊक असते, पण कार्यालय ते ऐकून घेत नाही, आणि दुष्काळातून नुकत्याच सावरणाऱ्या माणसाला सह्यांसाठी गावोगाव फिरायला लावणे मला अन्यायकारक वाटते. तरीही वाट बदललेली नाही. सण-समारंभाला सगळे एकत्र येतात, तेव्हाच सह्या घेऊन ठेवाव्यात आणि वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे उन्हाळ्याआधीच द्यावा.

दुसरी ठेच मुदतीची. लागवड मे ते नोव्हेंबर या काळात करता येते, हे वाचून अनेक जण पहिल्या पावसालाच कलमे लावून मोकळे होतात. पण कृषी विभागाच्या पूर्वसंमतीआधी केलेल्या लागवडीला अनुदान मिळत नाही. पाऊस थांबत नाही, हे खरे आहे. म्हणूनच अर्ज पावसाळ्याच्या बराच आधी गेला पाहिजे.

अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळते. पहिल्या वर्षी किमान 80 टक्के आणि दुसऱ्या वर्षी किमान 90 टक्के झाडे जिवंत असावी लागतात. लोक हे नेमके उलटे समजतात, म्हणजे वर्षागणिक अट सैल होते असे धरून चालतात. हेक्टरभर चिंचेच्या 100 कलमांपैकी 82 जगली, तर पहिले वर्ष निभते. पुढच्या तपासणीपूर्वी मात्र किमान 8 नवी कलमे स्वखर्चाने लावून जगवावी लागतात. या नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरतानाही कलमेच आणावीत आणि त्यांची पावती पहिल्या पावतीसोबत जपून ठेवावी.