मऊ धातूंचे यंत्रण व पृष्ठसफाई

अनुशीतित (तापवून सावकाश थंड करून मऊ केलेले) तांबे, शुद्ध ॲल्युमिनियम, कमी कार्बनाचे पोलाद यांसारखे मऊ व तन्य धातू लेथवर कातताना पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा निघतो. निव्वळ भूमितीने पाहिल्यास खडबडीतपणाची उंची फीडच्या (एका फेऱ्यात टूल जितके पुढे सरकते त्या अंतराच्या) वर्गाला टूलच्या नाकत्रिज्येच्या (टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येच्या) आठपटीने भागून मिळते. फीड ०.१ मिमी. व त्रिज्या ०.४ मिमी. असता ती सुमारे ३ मायक्रॉन येते. मऊ धातूत प्रत्यक्षात ती याहून बरीच जास्त भरते.

याचे कारण पूर्वी मुख्यत्वे टूलच्या धारेवर चिकटणाऱ्या धातूत, म्हणजे बिल्ट-अप एजमध्ये शोधले जाई. संशोधक हान्स अर्न्स्ट यांनी १९३८ मध्ये चिपांचे (कातताना सुटणाऱ्या धातूच्या सालींचे) तीन प्रकार केले, त्यांत या चिकटथरासह निघणारी अखंड चिप हा स्वतंत्र प्रकार आहे. मात्र धातुशास्त्रज्ञ ई. एम. ट्रेंट यांच्या मते खरा चिकटथर एकाहून अधिक प्रावस्था (वेगवेगळ्या रचनेचे घटक) असलेल्या मिश्रधातूंत बनतो, शुद्ध धातूंत नाही. शुद्ध धातूंत चिप टूलच्या पृष्ठाला लांबवर घट्ट धरून बसते आणि जाड होते. तांब्याच्या बाबतीत हेच मत अधिक पटणारे आहे.

याहून जुना वाद पृष्ठावरील द्रव्यांचा. पृष्ठावर शोषले गेलेले द्रव्य धातूची मजबुती घटवते, असे रशियन रसायनशास्त्रज्ञ रेबिंडर यांनी १९२८ च्या सुमारास मांडले. कार्बन टेट्राक्लोराइडने मंद वेगाचे कर्तन सुधारते हे ठाऊक होते, पण ते वंगणामुळे की धातू दुर्बल झाल्यामुळे, हे ठरत नव्हते. (हे द्रव्य विषारी असल्याने आता वर्ज्य आहे.) पर्ड्यू विद्यापीठातील चंद्रशेखर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनुशीतित धातू धारेपुढे घड्या घालत वाहतो, हे वेगवान कॅमेऱ्याने दाखवले. पुढे २०१८ मध्ये कापायच्या पृष्ठावर साधी मार्करची शाई लावताच घड्या मोडून चिप तुकड्यातुकड्यांनी निघते, कापण्यास लागणारे बल घटते व सफाई सुधारते, असे आढळले. शाई टूल व चिप यांच्यामध्ये येतच नाही, चिपच्या बाहेरच्या बाजूस असते. त्यामुळे वंगणाचे स्पष्टीकरण येथे अपुरे ठरते.

व्यवहारात धारदार व पॉलिश केलेले टूल, मोठा धन रेक कोन (चिप ज्यावरून सरकते त्या टूलच्या पृष्ठाचा कल), वाढीव वेग हे उपाय रूढ आहेत. ॲल्युमिनियमसाठी रॉकेलही वापरतात. शक्य तेथे शीतकर्षित (थंड अवस्थेत ओढून कठीण केलेला) माल किंवा टेल्युरियमयुक्त तांबे घेतात. शाईचा परिणाम आधीच कठीण केलेल्या धातूंत दिसत नाही. शिवाय थर चिपबरोबर निघून जात असल्याने टूलच्या प्रत्येक पासापूर्वी (फेरीपूर्वी) तो नव्याने लावावा लागतो.