सॅम्पल लॅबपर्यंत जिवंत पोचवायची गोष्ट

लॅबमधे बसून 'नो ग्रोथ', म्हणजे जंतू वाढलाच नाही, असा रिपोर्ट लिहिताना दरवेळी मनात एक शंका येतेच, की जंतू खरंच नव्हता का वाटेत मेला? आणि याच्या उलटंही होतं. मागच्या उन्हाळ्यात एका बाईंची लघवी तालुक्यावरून एसटीने आली, सकाळी नऊला घेतलेली आणि आमच्या हातात पडली दुपारी साडेतीनला, ना बर्फ ना काही, डबी हाताला कोमट लागत होती. दुसऱ्या दिवशी प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची बशी, बघितली तर तीन-चार प्रकारचे जंतू नुसते माजलेले, त्यातला आजाराचा कोणता आणि डबीत वाढलेला कोणता काही सांगता येईना. बाईंना परत बोलवावं लागलं, त्यांची एक दिवसाची मजुरी गेली. तेव्हापासून ठरवलं होतं की ही सॅम्पल पाठवायची पद्धत आली कुठून हे एकदा नीट लिहायचं.

सुरुवातीला सॅम्पल पाठवायचा प्रश्नच नव्हता, लॅबच पेशंटकडे जायची. १८८३ मधे इजिप्तमधे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती म्हणून जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख सगळं सामान घेऊन अलेक्झांड्रियाला गेला, तिथे साथ ओसरली आणि अभ्यासाला पेशंट मिळेनात, मग तो जहाजाने थेट कलकत्त्याला आला आणि १८८४ च्या जानेवारीत तिथे त्याला तो स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू शुद्ध स्वरूपात मिळाला. म्हणजे जंतू जर्मनीला नेता येत नव्हता तर माणूस जंतूच्या मागे फिरत होता. मुंबईत १८९६ ला प्लेग आला तेव्हाही तेच, लस बनवणाऱ्या हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात छोटीशी लॅब थाटून तिथेच काम सुरू केलं.

पण साथ काय एका शहरात बसून राहते का. आपल्याकडे पंढरपूरच्या यात्रेत पटकी लागायची आणि वारकऱ्यांबरोबर गावोगाव जायची, मरीआईची देवळं उगाच नाही गावाच्या वेशीवर. अशा ठिकाणाहून शौचाचं सॅम्पल मोठ्या शहरातल्या लॅबला पोचायला तेव्हा दिवसच्या दिवस लागायचे.

टायफॉइडसाठी एक उपाय लवकर निघाला होता, १९१६ मधे टीग आणि क्लर्मन यांनी ग्लिसरीन घातलेल्या मिठाच्या पाण्यात शौच ठेवायची पद्धत दिली. पटकीच्या जंतूला मात्र ग्लिसरीन सोसत नाही, तो त्यात मरतो, त्यामुळे पटकीसाठी वेगळंच काहीतरी हवं होतं.

ते शोधलं मद्रासच्या गिंडीतल्या किंग इन्स्टिट्यूटमधे, वेंकटरामन आणि रामकृष्णन यांनी, १९४१ मधे. व्हीआर फ्लुइड म्हणतात त्याला, मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं पण त्यातली अक्कल बघा जरा. एक लिटर पाणी, २० ग्रॅम समुद्राचं मीठ, ५ ग्रॅम पेप्टोन (प्रोटीनचा चुरा, जंतूंचं खाणं), आणि पीएच ८.६ ते ८.८ म्हणजे चांगलंच अल्कली, आंबटाच्या उलट. संपलं. शौचात बाकीचे हजार जंतू असतात, ते भराभर वाढतात, आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणात पटकीचा जंतू जातो. पण हा मुळात खाऱ्या पाण्यातला, मचूळ खाडीतला जीव, त्याला मीठही चालतं आणि अल्कलीही, बाकीच्यांना दोन्ही जड जातं. म्हणजे घरच्यासारखी जागा याला दिली आणि बाकीच्यांना गप्प बसवलं. यात जंतू आठवडेच्या आठवडे टिकतो, बर्फ लागत नाही, महागडं केमिकल लागत नाही, बूच घट्ट लावलेली बाटली असली की पोस्टानेही जाईल. युद्धाच्या काळात, साध्या सामानात, आपल्या देशातल्या माणसांनी आपल्या देशातला प्रश्न सोडवला याचा मला फार अभिमान वाटतो आणि याचं कौतुक होतं त्यापेक्षा दहापट व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

साधारण त्याच सुमाराला ग्लासगोत स्टुअर्ट गनोरिया या गुप्तरोगाच्या मागे लागला होता. त्याचा जंतू गोनोकॉकस म्हणजे भलता नाजूक, स्वॅब (सॅम्पल घ्यायचा कापसाचा बोळा) वाळला की मेला, हवा लागली की मेला. १९४६ मधे त्याने पद्धत सांगितली आणि पुढे कॅनडात १९५४ मधे ती पक्की केली. त्यातली मूळ कल्पना आजही तीच आहे, जंतूला खायला द्यायचंच नाही. वाढूही नये आणि मरूही नये, नुसता तग धरून राहावा. पातळ आगर (जेलीसारखा पदार्थ), हवा काढून घेणारं थायोग्लायकोलेट, आणि मिथिलिन ब्ल्यू हा रंग, हवा आत शिरली की वरचा भाग निळा होतो, म्हणजे बाटली स्वतःच सांगते की माझं झाकण नीट लागलं नव्हतं. १९६४ मधे कॅरी आणि ब्लेअर यांच्या लक्षात आलं की स्टुअर्टच्या मिडीयममधलं (सॅम्पल ठेवायच्या मिश्रणातलं) ग्लिसरोफॉस्फेट शौचातले काही जंतू खातात आणि वाढतात, म्हणून त्यांनी ते काढून साधं फॉस्फेट घातलं आणि पीएच ८.४ केला. आज जुलाबाच्या साथीत कॅरी-ब्लेअर वापरतात ते हेच. १९६७ मधे एमीसने कोळशाची पूड सरळ मिडीयममधेच मिसळली, घसा किंवा जखमेच्या स्वॅबबरोबर येणारी ती काळी नळी त्याचीच, कोळसा जंतूला घातक गोष्टी शोषून घेतो.

व्हायरसची गोष्ट वेगळी, तो मिडीयममधे वाढत नाही, त्यामुळे तिथे सगळा भर थंडाव्यावर. १९७६ मधे आफ्रिकेतल्या किन्शासाहून बेल्जियममधल्या अँटवर्पच्या लॅबला रक्ताच्या दोन नळ्या एका निळ्या थर्मासमधे, विमानात हँडबॅगेजमधे आल्या, पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं आणि एक नळी फुटलेली. त्या रक्तात इबोला होता! आज सॅम्पल तीन थरांत पॅक करायचं, नळी, मग शोषणारा कापूस घालून न गळणारा डबा, मग बाहेरचं कडक खोकं, हा नियम का ते या एका प्रसंगावरून कळतं.

आपल्याकडे यातलं सगळ्यात शिस्तीचं काम पोलिओत झालं. मुलाचा पाय अचानक लुळा पडला की १४ दिवसांच्या आत, निदान २४ तासांच्या अंतराने शौचाची दोन सॅम्पलं, २ ते ८ डिग्रीत, तीन दिवसांत लॅबला. मुंबईत परळच्या हाफकिनच्या आवारातल्या एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटरला अशी सॅम्पलं वर्षानुवर्षं येत राहिली. लस वरून गावात जाते ती कोल्ड चेन, सॅम्पल गावातून वर येतं ती रिव्हर्स कोल्ड चेन. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात वाइल्ड (लसीतून न आलेल्या) पोलिओची शेवटची केस लागली, त्यानंतर निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक रिपोर्टवर विश्वास ठेवता आला तो त्या बर्फाच्या डब्यांमुळेच, नाहीतर व्हायरस नाही म्हणायचं का वाटेत मेला म्हणायचं?

पुण्याचं तर काय सांगायचं. १९५२ ला सुरू झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरने १९५७ मधे शिमोग्याच्या जंगलात मेलेल्या माकडांमधून माकडतापाचा व्हायरस शोधला, तोच ताप पुढे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीपर्यंत आला. तीच संस्था म्हणजे आजची एनआयव्ही, ३० जानेवारी २०२० ला केरळची पहिली कोविड केस पक्की झाली तीही इथेच, आणि मग स्वॅब पाठवायच्या गुलाबी पाण्याच्या व्हीटीएम (व्हायरल ट्रान्सपोर्ट मिडीयम) नळ्या घरोघरी माहीत झाल्या.

आता पीसीआरला, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या टेस्टला, जिवंत जंतू लागत नाही, नळीत टाकल्याटाकल्या व्हायरस मारून टाकणारं मिडीयमही आलंय. पण कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हे बघायला अजूनही बहुतेक वेळा कल्चरच, म्हणजे जंतू लॅबमधे वाढवणंच, करावं लागतं, आणि तिथे जिवंत जंतूच हवा. म्हणून जाता जाता एवढंच, लघवी दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रिजमधे ठेवा, पण मेंदूज्वराच्या पेशंटचं कल्चरसाठी काढलेलं पाठीतलं पाणी चुकूनही फ्रिजमधे नको, मेंदूज्वराचा जंतू मेनिंगोकॉकस थंडीने मरतो, ते हातात घेऊन सरळ लॅबकडे पळायचं.