‘ती माणसं खात्यात न्हवं?’

आमच्या गल्लीतले एक काका नुकतेच अंदमानची सहल करून आले. परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता सेल्युलर जेलचं वर्णन झालं, सावरकरांची कोठडी झाली. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘‘आनि त्या पल्याडच्या बेटावर कुनालाच जाऊ देत न्हाईत. ती माणसं खात्यात न्हवं?’’

काकांचं बेट म्हणजे नॉर्थ सेंटिनेल, तिथली जमात सेंटिनली. पोर्ट ब्लेअरच्या पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर, साधारण ६० चौरस किलोमीटरचं. तिथं जायला बंदी आहे हे खरं. माणसं खाण्याची गोष्ट मात्र खोटी आणि हजार वर्षांहून जुनी. नवव्या शतकातल्या अरब वृत्तांतांत अंदमानची माणसं नरभक्षक आहेत, आणि पुढं मार्को पोलोनं ऐकीव माहितीवर त्यांना चक्क कुत्र्याची तोंडं लावली. (पांढरा रस्सासुद्धा तिखटजाळ असतो, असं बाहेरगावचे लोक आपल्याबद्दल समजतात, त्यातलाच हा प्रकार.) २००६ साली दोन मच्छीमारांची होडी वाहत जाऊन या बेटाला लागली आणि ते दोघे मारले गेले. शोधायला गेलेल्या हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या वाऱ्यानं किनाऱ्यावरची वाळू उडाली, तेव्हा दिसलं की मृतदेह पुरलेले आहेत. ज्याला खायचंय तो पुरत कशाला बसेल?

पण मारलं तर खरंच ना? मारलं. २०१८ मध्ये एका अमेरिकन तरुणालाही मारलं. मात्र या वैराची पहिली पानं आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येतात. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन हा इंग्रज अधिकारी लवाजमा घेऊन बेटावर उतरला आणि एक म्हातारा, एक म्हातारी व चार मुलं यांना पकडून पोर्ट ब्लेअरला घेऊन गेला. सगळे भराभर आजारी पडले, दोघं वृद्ध दगावले. मग मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. भेटवस्तू!

‘त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी असते’ हेही असंच अर्धवट सत्य. शरीर दुबळं नसतं, त्याची त्या जंतूशी कधी गाठ पडलेली नसते, एवढंच. गोवरासारख्या आजाराला वस्तीत कायम टिकून राहायचं तर रोज नवी, तो आधी न झालेली माणसं मिळावी लागतात, आणि ती पुरेशी जन्माला यायला साधारण अडीच ते पाच लाखांची लोकसंख्या लागते. म्हणजे लस नसती तर आपल्या कोल्हापूर शहराएवढ्या वस्तीत गोवर जेमतेम तग धरून राहिला असता. शे-पन्नास माणसांच्या बेटावर तो टिकूच शकत नाही. म्हणून बाहेरून आला की लहानथोर सगळे एकदम आडवे होतात, पाणी द्यायलाही कुणी उरत नाही. शेजारच्या ग्रेट अंदमानींचं १८७७ च्या गोवरात तेच झालं. एके काळी काही हजार असलेली ती जमात १९६१ च्या जनगणनेत १९ वर आली होती.

‘अश्मयुगातली माणसं’ हे बिरुद तर वर्तमानपत्रांचं लाडकं. १९८१ मध्ये ‘प्रिमरोज’ नावाचं मालवाहू जहाज बेटाजवळच्या प्रवाळावर रुतलं. त्याचं लोखंड काढून, ठोकून सेंटिनलींनी बाणांची टोकं केली. भंगारातून हत्यार करणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. ‘६० हजार वर्षं एकटे’ हा दावाही जपून घ्यावा. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या थंगराज, लालजी सिंग यांच्या गटानं २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ओंगी आणि ग्रेट अंदमानी या शेजारच्या जमातींच्या डीएनएचा होता, सेंटिनलींचा नव्हे. शिवाय वंशाची फांदी जुनी असणं वेगळं आणि त्याच बेटावर तेवढी वर्षं राहणं वेगळं. अंदमानात उत्खननातून मिळालेल्या, तिथल्या वस्तीनं खाऊन टाकलेल्या शंखशिंपल्यांच्या ढिगांचं वय सव्वादोन हजार वर्षांच्या आसपास निघतं, आणि त्यांत खापरंही आहेत.

सेंटिनलींच्या लोकसंख्येचे आकडेही दुरूनच घेतलेले. २००१ मध्ये ३९, २०११ मध्ये १५. ही किनाऱ्यावर दिसली तेवढी माणसं.

घरी आल्यावर काकांना ४ जानेवारी १९९१ ची हकिगत सांगितली. मानवशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय यांचा गट होडीतून पाण्यात नारळ सोडत होता आणि सेंटिनली पाण्यात उतरून ते गोळा करत होते. एका सेंटिनली तरुणानं चट्टोपाध्यायबाईंवर नेम धरला. बाण सुटता सुटता शेजारच्या सेंटिनली बाईनं त्याला ढकललं आणि बाण पाण्यात पडला. त्याच दिवशी आणखी नारळ गेले, तेही हातातून हातात.

मोबाइलवरचा नारळ देतानाचा फोटो काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘पर नारळ सोलला कशानं असंल रं? त्या जहाजाच्या लोखंडानंच का?’’