यादीत होता, मोजणीत नव्हता: माणदेशातील मोठ्या राखी खाटकाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. त्यांपैकी दीर्घकालीन कल सांगता येईल इतकी माहिती केवळ ३३८ जातींबाबत उपलब्ध होती. मोठा राखी खाटीक या मोजक्या जातींपैकी एक असून, देशपातळीवर त्याची दीर्घकालीन घट ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे अहवालात नमूद आहे. मात्र हा आकडा संपूर्ण देशाचा आहे. साताऱ्यातील माण व खटाव किंवा सांगलीतील आटपाडी व जत या तालुक्यांत नेमके काय घडले, हे त्यावरून सांगता येत नाही, आणि त्याचे कारण या पक्ष्याच्या नोंदी आजवर ज्या पद्धतीने होत आल्या त्यात आहे.

पाठ राखाडी, डोळ्यांवरून गेलेली रुंद काळी पट्टी, काळ्या पंखांत पांढरा डाग आणि साळुंकीहून थोडा मोठा आकार, असा हा पक्षी गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणात मोडतो. तो इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही करतो. चोच मात्र शिकारी पक्ष्यासारखी टोकाशी वळलेली असते. बाभळीच्या किंवा बोरीच्या शेंड्यावर बसून तो जमिनीवर नजर ठेवतो आणि पकडलेला नाकतोडा, सरडा किंवा उंदराचे पिल्लू काट्याला टोचून ठेवतो. एखाद्या बोरीच्या झुडपात काट्यावर वाळलेला अर्धा सरडा दिसला, तर तो याच्या किंवा याच्या भाईबंदांपैकी एखाद्याच्या शिदोरीतला असण्याची शक्यता मोठी असते. काटेरी झाडातच त्याचे खोलगट घरटे असते. प्रत्येक जोडीला बराच मोठा टापू लागत असल्यामुळे जेथे अधिवास उत्तम आहे तेथेही हा पक्षी विरळच आढळतो. मोजणीच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे.

या पक्ष्याची शास्त्रीय ओळख दख्खनमध्येच झाली. मुंबई सरकारच्या सेवेत राहून दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत त्यांनी वर्णन केलेला राखी खाटीक ‘लाहतोरा’ या नावाने आजही भारतीय उपजात म्हणून ओळखला जातो. राखी सातभाईचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्याच यादीत आहे. साताऱ्यात त्या वेळी छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य होते. माणसे, पिके व कर यांची आकडेवारी जमवणाऱ्या या अधिकाऱ्याने पक्ष्यांची मात्र नावेच नोंदवली, आणि त्या काळाच्या रीतीला धरूनच ते झाले. पुढे १८७८ मध्ये डेव्हिडसन व वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांविषयीचा लेख ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याचे संपादक ॲलन ह्यूम यांचे नाव पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी कायमचे जोडले गेले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि नमुने, अंडी व निरीक्षणे यांना संस्थात्मक घर मिळाले. तरीही ‘सर्वत्र आढळतो’, ‘तुरळक’, ‘विपुल’ याच शब्दांत जातींची नोंद होत राहिली. अशा शब्दांशी आजच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

जुन्या नोंदी वापरताना आणखी दोन अडचणी येतात. तासगाव, खानापूर, वाळवा व शिराळा हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आटपाडी औंध संस्थानात होती आणि जत हे स्वतंत्र संस्थान होते. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर केवळ ‘सातारा’ लिहिलेले असेल, तर तो नमुना आजच्या कोणत्या जिल्ह्यातला हे ठरवण्यासाठी गावाचे नाव शोधावे लागते. दुसरी अडचण वर्गीकरणाची आहे. भारतीय राखी खाटीक कधी युरोपातील मोठ्या राखी खाटकाचा, तर कधी दक्षिणी राखी खाटकाचा भाग मानला गेला, आणि पक्षिनिरीक्षकांच्या हातातील पुस्तकांमधील नावेही त्यानुसार बदलत राहिली. ही नावे एकत्र न आणता जुन्या याद्या तपासल्या, तर पक्षी तेथेच असूनही नाहीसा झाल्यासारखा वाटू शकतो.

पक्ष्याची मोजणी झाली नाही, पण त्याच्या जागेची नोंद मात्र सरकारी दप्तरात होत राहिली, आणि तीही ‘पडीक’ म्हणून. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून अधिक. बोर, हिवर, बाभूळ, तरवड आणि मधूनमधून कुसळी गवत ही येथील नैसर्गिक वनस्पती आहे. येथे जंगल होते आणि ते तुटून माळ उरला, ही समजूत सरसकट खरी नाही. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन पडीक जमिनीच्या एका प्रकारात मोडली गेली. झाडे लावली की अशा जमिनीची ‘सुधारणा’ झाली असे धरले जाऊ लागले. सलग समतल चर, गिरिपुष्पाची लागवड आणि सामाजिक वनीकरण यांनी गावांच्या पाण्याला व जळणाला हातभार लावला हे मान्यच करावे लागेल. परंतु दाट झाडीखाली उघडी जमीन दिसेनाशी झाल्यावर जमिनीवर शिकार करणाऱ्या पक्ष्याचे काय होते, हे या कामांच्या मूल्यमापनात पाहिले जात नाही. मेंढपाळांच्या कळपांचेही तसेच आहे. माडग्याळी मेंढ्यांच्या चराईने गवत किती आखूड राहते आणि ते खाटकाला उपयोगी पडते की घातक ठरते, हा प्रश्न जतमध्येच तपासता येईल.

पाण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांमुळे कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांत पोहोचले. डाळिंब, द्राक्ष व ऊस यांचे क्षेत्र वाढले आणि बांधावरच्या बोरी-बाभळी अनेक ठिकाणी गेल्या. फवारणीमुळे नाकतोडे व मोठे भुंगेरे किती कमी झाले आणि त्याचा पिलांच्या संख्येवर काही परिणाम झाला का, हे घरट्यांच्या अभ्यासाशिवाय सांगता येणार नाही. कीटकनाशकांवर बोट ठेवणे सोपे आहे. पुरावा हाती नसताना तसे करणे मला योग्य वाटत नाही.

असा पुरावा मिळवता येतो, हे साताऱ्यातच दिसून आले आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी व सरडे जास्त होते, आणि त्या सरड्यांच्या वागणुकीतही फरक पडला होता. चाळकेवाडी पश्चिमेकडील अधिक पावसाचा भाग असल्याने तेथील निष्कर्ष जसेच्या तसे कवठे महांकाळमधील ढालगावच्या पवनचक्क्यांना लावता येत नाहीत. रचना मात्र तीच वापरता येईल. सरडे हे खाटकाचेही खाद्य असल्याने तेथील उत्तर कदाचित वेगळेच मिळेल.

आज उपलब्ध असलेली माहिती प्रामुख्याने हौशी निरीक्षकांच्या ऑनलाइन याद्यांतून येते, आणि २०२३ चा अहवालही अशाच याद्यांवर उभा आहे. परंतु निरीक्षकांचा ओढा साहजिकच हिवाळी पाणपक्ष्यांकडे व मायणीसारख्या तलावांकडे असतो. उन्हाळ्यात, म्हणजे घरटी असण्याच्या दिवसांत, झुडपी माळावर फिरणारे थोडेच. शिवाय हा पक्षी रस्त्याकडेच्या विजेच्या तारांवर बसत असल्याने केवळ रस्त्यावरून केलेली मोजणी फसवी ठरू शकते. उत्तर अमेरिकेत १९६६ पासून ठरलेल्या मार्गांवर दरवर्षी होणाऱ्या पक्षिगणनेमुळे तेथील खाटकाची घसरण वेळेत नोंदवली गेली. केरळने २०१५ ते २०२० या काळात ठरावीक चौकटींमध्ये पाहणी करून राज्याचा पक्षी-नकाशा तयार केला. सातारा-सांगलीच्या पूर्व भागासाठी याच धर्तीवर कायम मार्ग आखावे लागतील. त्यांतील काही रस्त्यापासून दूर, गायरानातून व वनखात्याच्या झुडपी क्षेत्रातून गेले पाहिजेत. पक्षी न दिसल्याचीही नोंद झाली पाहिजे. घरट्यांवरील लक्ष छायाचित्रकारांच्या गर्दीपासून दूर ठेवावे लागेल. काट्यांवर टोचलेल्या भक्ष्याची नियमित नोंद ठेवली, तर पक्ष्याला हात न लावता त्याच्या आहाराची बरीच कल्पना येईल.

यात क्रमाला महत्त्व आहे. म्हैसाळच्या विस्तारित योजनेतून जतच्या पूर्व भागात पाणी येणार आहे. तेथील माळाची पहिली मोजणी पाणी पोहोचण्यापूर्वीच्या एक-दोन हंगामांत झाली, तरच पुढच्या मोजण्यांची तुलना कशाशी करायची ते ठरेल. आटपाडीत ही संधी बऱ्याच अंशी हुकली आहे, त्यामुळे तेथे जुनी उपग्रह चित्रे आणि मेंढपाळांच्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागेल.